बायोलॉजिक ‘शेवटचा उपाय’ म्हणून राखून ठेवावं का?

प्रश्न थोडक्यात असा: बहिणीचं वय २६. दीड वर्षापूर्वी क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या आजाराचं, निदान झालं, सूज लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात. तेव्हापासून तीनदा स्टेरॉइडचा कोर्स झाला. दर वेळी आठवड्याभरात बरं वाटतं आणि डोस १० मिलिग्रॅमच्या खाली आला की पोटदुखी, जुलाब पुन्हा सुरू. सहा महिन्यांपासून ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती आवरणारी गोळीही चालू आहे. आता डॉक्टर इन्फ्लिक्सिमॅब हे बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींत बनवलेलं प्रथिनाचं औषध, सुचवताहेत. घरच्यांना वाटतं, हे प्रतिकारशक्ती मारणारं औषध आहे, त्याने टीबी होतो, कॅन्सर होतो, एकदा सुरू केलं की सुटत नाही, आणि तिला पुढे मूल हवं आहे. तेव्हा बाकी सगळं करून झाल्यावर बघू. थांबलेलं बरं का?

नाही, थांबू नका. फक्त पहिल्या डोसच्या आधी ज्या तपासण्या व्हायला हव्यात, त्यातली एकही गाळू नका. या दोन गोष्टी मी एका दमात सांगतो, कारण माझ्याकडे येणारी माणसं बहुधा यातली एकच ऐकतात.

आधी स्टेरॉइडबद्दल. ज्या औषधाची भीती वाटायला हवी, ते ती दीड वर्षं घेतेच आहे. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने आठ दिवसांत बरं वाटतं, म्हणून ते ओळखीचं आणि सौम्य वाटायला लागतं. पण त्याने आतड्यातल्या जखमा नीट भरून येत नाहीत आणि आजार दूरही राहत नाही. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, झोप उडते, चेहरा सुजतो. संसर्गाचा धोका वाढतो तो वेगळाच. वर्षभरात दुसरा कोर्स लागला की मी पेशंटच्या फाइलवर लाल खूण करतो. त्याचा अर्थ एवढाच, की चालू असलेली ट्रीटमेंट पुरेशी नाही आणि पुढचं बोलायची वेळ झाली आहे. क्रोन्सच्या हजारो पेशंटची वर्षानुवर्षं नोंद ठेवणाऱ्या ‘ट्रीट’ या उत्तर अमेरिकेतल्या रजिस्ट्रीत इन्फ्लिक्सिमॅब आणि स्टेरॉइड या दोन्हींनी गंभीर संसर्गाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मृत्यूचं प्रमाण मात्र स्टेरॉइड घेणाऱ्यांत वाढलेलं होतं, इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत नव्हतं.

आता ‘प्रतिकारशक्ती मारणारं’ या शब्दाकडे येतो. एका खोलीतला दिवा घालवायला कोणी घराचा मेन स्विच बंद करत नाही. स्टेरॉइड हा जवळजवळ मेन स्विच आहे. बायोलॉजिक औषधं एकेका खोलीतल्या बटणापर्यंत जातात. टीएनएफ हे पेशींनी एकमेकींना चिथवायला सोडलेलं रसायन. इन्फ्लिक्सिमॅब आणि ॲडॅलिमुमॅब त्याला पकडून निकामी करतात. वेडोलिझुमॅबची तऱ्हा वेगळी. लिम्फोसाइट नावाच्या काही पांढऱ्या रक्तपेशींवर अल्फा-४-बीटा-७ नावाची खूण असते आणि ती ओळखणारी जोडखूण आतड्यातल्या रक्तवाहिन्यांवर असते. वेडोलिझुमॅब ही खूण झाकून टाकतं, त्यामुळे त्या पेशी रक्तातून आतड्यात उतरू शकत नाहीत. बाकी शरीरात त्याचा हस्तक्षेप फारच थोडा. उस्टेकिनुमॅब इंटरल्यूकिन-१२ आणि २३ या दोन निरोप्यांना अडवतं, रिसानकिझुमॅब फक्त २३ ला.

प्रतिकारशक्ती दडपणं एवढंच काम असतं तर यातलं कुठलंही औषध कुठल्याही आजारात चाललं असतं. तसं होत नाही. संधिवातात छान चालणारं इटॅनरसेप्टही टीएनएफविरोधीच, पण क्रोन्समध्ये त्याचा उपयोग झाला नाही. इंटरल्यूकिन-१७ अडवणारं सेकुकिनुमॅब सोरायसिसवर उत्तम. क्रोन्समध्ये वापरून पाहिलं तेव्हा, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पेशंट उलट बिघडले. आतड्याला तो निरोप्या हवा होता. म्हणून हे क्षेत्र मला फार मोलाचं वाटतं. कुठला निरोप आजाराचा आणि कुठला संरक्षणाचा, हे एकेक करून कळत गेलं आहे.

१९९७ साली इन्फ्लिक्सिमॅबच्या चाचणीचे आकडे आले. बाकी औषधांना दाद न देणाऱ्या क्रोन्सच्या पेशंटना किलोमागे ५ मिलिग्रॅमचा एकच डोस दिला होता. चार आठवड्यांनी १०० पैकी ८१ जणांत सुधारणा होती, खोटं औषध (प्लासिबो) मिळालेल्यांत १७ जणांत. १९९८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही डॉक्टर मंडळीही त्याला शेवटचा उपायच मानत होतो. आधी साधी गोळी, मग स्टेरॉइड, मग ॲझाथायोप्रिन, आणि सगळं हरल्यावर बायोलॉजिक. घरच्यांच्या मनातला क्रम हाच आहे, आणि तो आमच्याकडूनच आला आहे.

तो क्रम चुकीचा होता. ब्रिटनमधल्या ‘प्रोफाइल’ चाचणीत नुकतंच निदान झालेल्या क्रोन्सच्या ३८६ पेशंटचे दोन गट केले. एकाला लगेच इन्फ्लिक्सिमॅब आणि जोडीला ॲझाथायोप्रिनसारखं औषध, दुसऱ्याला पायरीपायरीने. ४८ आठवडे स्टेरॉइडशिवाय आणि ऑपरेशनशिवाय आजार शांत राहिला, असे पहिल्या गटात ७९ टक्के निघाले, दुसऱ्यात १५ टक्के. पोटाचं तातडीचं ऑपरेशन पायरीपायरीच्या गटात दहा जणांना लागलं, पहिल्या गटात एकाला. हे निकाल २०२४ चे आहेत. तुमच्या बहिणीला दीड वर्ष होऊन गेलंय, त्यामुळे हे आकडे तिला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. दिशा मात्र स्वच्छ आहे.

उशिराची किंमत काय असते, ते मी एका पेशंटच्या फिल्मवर पाहिलेलं आहे. ‘अजून थोडं थांबू’ म्हणत त्याने तीन वर्षं स्टेरॉइड चालू-बंद करत काढली. एमआर एन्टेरोग्राफी, म्हणजे आतड्याचं एमआरआय स्कॅन, झाली तेव्हा आतड्याचा शेवटचा भाग दोरीसारखा बारीक झाला होता आणि त्याच्या मागचं आतडं फुगून तिप्पट झालं होतं. त्याने विचारलं, “आता ते इंजेक्शन घेतो, चालेल ना?” सूज असती तर उतरली असती. तिथे वण झाला होता, आणि वण विरघळवणारं औषध आमच्याकडे नाही. सर्जननी तो भाग काढला, तो बराही झाला. पण तीन वर्षांपूर्वी ते आतडं मऊ होतं, हे मला माहीत होतं.

ऑपरेशन हा शब्द निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. आजार फक्त लहान आतड्याच्या शेवटच्या थोड्या भागात असेल, तर दुर्बिणीतून तेवढा भाग काढणं हाही तोलामोलाचा पर्याय आहे. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये दोन्हींची थेट तुलना झाली, तिचे निकाल २०१७ साली आले. आतड्याचा फार तर ४० सेंटिमीटर भाग सुजलेला होता अशा पेशंटमध्ये, वर्षभरानंतरचं जगणं ऑपरेशनने आणि इन्फ्लिक्सिमॅबने साधारण सारखंच सुधारलं. तुमच्या डॉक्टरांनी हा विषय काढला तर ते तिला टाळताहेत, असं समजू नका.

आता तपासण्या. पहिला प्रश्न असा, की तिचा आत्ताचा त्रास नक्की सुजेचाच आहे ना? स्टूल कॅलप्रोटेक्टिन आणि सीआरपी (सूज दाखवणाऱ्या शौचाच्या आणि रक्ताच्या तपासण्या), आणि शक्यतो ताजी कोलोनोस्कोपी किंवा एमआर. जुलाब सी. डिफिसिल या जंतूमुळेही असू शकतात, आणि पोटदुखी वणामुळे. पोटात किंवा गुदद्वाराजवळ पू साठलेला असेल तर आधी तो काढायचा, मग औषध. आणि जिथे टीबी जास्त आढळतो तिथल्या पेशंटमध्ये मी एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो: हा क्रोन्सच आहे का? आतड्याचा टीबी नेमका त्याच जागी बसतो, कोलोनोस्कोपीत तसाच दिसतो. बायोप्सीचा रिपोर्ट, छातीचं आणि पोटाचं स्कॅन शेजारी शेजारी ठेवून हे ठरवावं लागतं. निदानात शंका असेल तर इन्फ्लिक्सिमॅब सुरू करायचं नाही. ती शंका फिटायला आठ-दहा आठवडे लागले तरी चालतील.

टीबीची भीती खरी आहे, ती मी झटकून टाकणार नाही. शरीरात वर्षानुवर्षं झोपलेल्या टीबीच्या जंतूंभोवती पेशींची जी भिंत असते, ती टिकवण्याचं काम टीएनएफ करतं. ते काढून घेतलं की भिंत ढासळते. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेल्या ७० पेशंटची माहिती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना तो पहिल्या १२ आठवड्यांच्या आतच झाला होता, आणि अर्ध्याहून जास्त जणांत फुप्फुसाबाहेर होता: गाठींत, पोटात, मेंदूच्या आवरणात. तेव्हापासून पहिल्या डोसआधी छातीचा एक्स-रे आणि त्वचेवरची मॅन्टू किंवा रक्तावरची इग्रा तपासणी सक्तीची झाली. तुमच्या बाबतीत एक खाच आहे. स्टेरॉइड आणि ॲझाथायोप्रिन चालू असताना या दोन्ही तपासण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. म्हणून नुसत्या रिपोर्टवर विसंबू नका. लहानपणी घरात कोणाला टीबी झाला होता का, कामाच्या ठिकाणी कोणी सतत खोकणारं होतं का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. असं काही घरच्यांनाच आठवतं, पेशंटला नाही. झोपलेला टीबी सापडला तर त्यावरच्या गोळ्या निदान महिनाभर आधी सुरू करून मग बायोलॉजिक देता येतं, तो कोर्स पुढे चालू राहतो. म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून दार बंद होत नाही.

हिपॅटायटिस बीची तपासणी पूर्ण करा, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या रक्ताच्या दोन्ही तपासण्या. जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे कांजिण्या, गोवर वगैरे, आता स्टेरॉइड आणि ॲझाथायोप्रिनवर असताना देता येत नाहीत, बायोलॉजिकवरही नाहीत. पण फ्लू, न्यूमोकॉकस, हिपॅटायटिस बी, एचपीव्ही या लसी चालतात, आणि लवकर घेतल्या तर जास्त लागू पडतात.

इन्फ्लिक्सिमॅब देताना काय होतं, हे पाहिलं की निम्मी धास्ती जाते. आधी वजन घेतात, कारण डोस किलोवर ठरतो. ५० किलोला २५० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या अडीच बाटल्या. बाटलीत पांढरी भुकटी असते. नर्स त्यात पाणी सोडते आणि बाटली तळहातात हळूहळू फिरवते, हलवत नाही, कारण हे प्रथिन आहे, हलवलं की फेस येतो. मग ते सलाईनच्या बाटलीत मिसळून दोन तास थेंबाथेंबाने देतात. अधूनमधून ताप आणि बीपी बघतात. अंगावर पित्त उठलं, छाती भरून आल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायचं. बहुतेक जण पुस्तक वाचत किंवा झोपून तो वेळ काढतात. दुसरा डोस दोन आठवड्यांनी, तिसरा सहाव्या आठवड्याला, पुढे दर आठ आठवड्यांनी.

इन्फ्लिक्सिमॅबच का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. गुदद्वाराजवळ भगंदर असेल तर माझीही पहिली पसंती तीच, कारण तिथे सगळ्यात भक्कम पुरावा त्याचाच आहे. सांधेही दुखत असतील तरी टीएनएफविरोधी औषध बरं. अंगावर सोरायसिस असेल, पूर्वी गंभीर संसर्ग झाला असेल, तर उस्टेकिनुमॅब, रिसानकिझुमॅब किंवा वेडोलिझुमॅबकडे मी झुकतो. वेडोलिझुमॅब क्रोन्समध्ये सावकाश चढतं, तीन-साडेतीन महिने धीर धरावा लागतो. उपाडासिटिनिब ही गोळी आहे आणि झपाट्याने काम करते, पण गर्भारपणात चालत नाही, आणि या (जेएके इनहिबिटर) गटातल्या औषधांनी नागीण उठण्याचं प्रमाण वाढतं. तिला लवकरच मूल हवं असेल तर ती सध्या बाजूला ठेवा. एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळ्या औषधांना लागू आहे: पहिलं बायोलॉजिक सगळ्यात चांगलं लागू पडतं, नंतरच्या प्रत्येकाची शक्यता थोडी कमी होत जाते. म्हणून पहिली निवड घाईत करू नये, आणि हाती आलेलं पहिलं औषध धांदरटपणे वायाही घालवू नये.

ते वाया कसं जातं? डोस चुकवून. शरीर या परक्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं. डोसांत मोठा खंड पडला की ही शक्यता बरीच वाढते. तिसऱ्या-चौथ्या डोसनंतर पेशंट छान दिसायला लागतो, वजन वाढतं, मग कोणीतरी सुचवतं, “बरी आहेस ना, पुढचा महिन्याने घेऊ.” चार महिन्यांनी त्रास घेऊन परत येतात, तेव्हा तेच औषध चालत नाही किंवा देताना रिॲक्शन येते. ॲझाथायोप्रिन जोडीला ठेवतात ते मुख्यतः याचसाठी. २०१० च्या ‘सॉनिक’ चाचणीत २६ आठवड्यांनी स्टेरॉइडशिवाय शांत असलेले पेशंट दोन्ही औषधांवर जवळपास ५७ टक्के होते, एकट्या इन्फ्लिक्सिमॅबवर ४४, एकट्या ॲझाथायोप्रिनवर ३०. औषध लागू पडेनासं झालं तर बदलायच्या आधी पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी रक्तातली त्याची पातळी आणि अँटिबॉडी तपासा. पातळी कमी आणि अँटिबॉडी नसेल तर डोस वाढवून काम भागतं. पातळी भरपूर असून सूज तशीच असेल तर आजार वेगळ्या रस्त्याने चाललाय, औषधाची जात बदलायची.

कॅन्सरबद्दल. घरच्यांनी बहुधा लिम्फोमाबद्दल, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या कॅन्सरबद्दल, वाचलंय. फ्रान्समध्ये जवळपास १ लाख ८९ हजार पेशंटच्या नोंदी तपासल्या गेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झाल्या. वर्षाला दर १०,००० जणांत लिम्फोमा किती? यातलं कुठलंच औषध न घेणाऱ्यांत २.६, फक्त टीएनएफविरोधी घेणाऱ्यांत ४.१, फक्त ॲझाथायोप्रिनच्या गटातलं घेणाऱ्यांत ५.४, दोन्ही घेणाऱ्यांत ९.५. धोका वाढतो, हे नाकारता येणार नाही. पण दोन्ही औषधांवर असलेल्या १०,००० पैकी ९,९९० जणांना त्या वर्षी तो होत नाही, आणि ज्या गोळीबद्दल घरात कोणी हरकत घेतली नाही, तिचा वाटा इंजेक्शनपेक्षा थोडा जास्तच आहे.

‘एकदा सुरू केलं की सुटत नाही’ हे अर्धं खरं. व्यसन लागत नाही, शरीर त्यावर अवलंबून राहत नाही. आजार मात्र मुळातून जात नाही. २०१२ च्या अभ्यासात दीर्घकाळ शांत असलेल्यांनी इन्फ्लिक्सिमॅब थांबवल्यावर वर्षभरात साधारण ४४ टक्क्यांचा आजार उलटला. चांगली बाजू अशी, की पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांना गुण आला. दोनपैकी एक औषध कमी करायचंच असेल तर कुठलं, याचं उत्तर २०२३ च्या ‘स्पेअर’ चाचणीने दिलं. दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण दोन्ही चालू ठेवणाऱ्यांत १४ टक्के, इन्फ्लिक्सिमॅब सोडणाऱ्यांत ३६, आणि जोडीचं औषध सोडणाऱ्यांत १०. म्हणून एक-दोन वर्षं सगळं शांत राहिलं, कॅलप्रोटेक्टिन आणि कोलोनोस्कोपी दोन्ही स्वच्छ असले, की मी आधी ॲझाथायोप्रिन काढतो.

मुलाबद्दल मी सगळ्यात निश्चिंतपणे सांगू शकतो. गर्भाला खरा धोका असतो तो धगधगत्या आजाराचा. गर्भ राहताना सूज जोरात असेल तर गर्भपात, वेळेआधी बाळंतपण, बाळाचं वजन कमी, हे सगळं वाढतं. स्टेरॉइडशिवाय तीन ते सहा महिने आजार शांत राहिला की खुशाल विचार करा. इन्फ्लिक्सिमॅब पूर्ण गर्भारपणात चालू ठेवता येतं, अंगावर पाजतानाही. ते नाळेतून बाळाकडे जातं आणि जन्मानंतर काही महिने त्याच्या रक्तात राहतं. म्हणून बाळाला बीसीजी ही टीबीची जिवंत लस जन्मल्या जन्मल्या द्यायची नाही, निदान सहा महिने थांबायचं. ही गोष्ट प्रसूतीच्या डॉक्टरांना आणि बालरोगतज्ज्ञांना दोघांनाही लिहून द्या. प्रसूतिगृहात बाळाला बीसीजी टोचताना आईच्या औषधांची फाइल कोणाच्या हातात नसते.

प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरी, काढे यांची जोड देऊ नका. तिच्या आतड्यातली प्रतिकारशक्ती आधीच बेफाम झाली आहे. ती सिगारेट ओढत असेल तर ती सुटणं कुठल्याही औषधाइतकंच महत्त्वाचं. ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. औषध चालू असताना दोन दिवस ताप राहिला, रात्री घाम फुटायला लागला, गाठ आली, खोकला हटेना, तर पुढचा डोस घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करायचा.

ती सध्या किती मिलिग्रॅमवर आहे, ते तुम्ही सांगितलेलं नाही. जेवढी असेल, ती गोळी उत्साहात एकदम बंद करू नका. दीड वर्षात शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावलेलं असतं. इन्फ्लिक्सिमॅब लागू पडेपर्यंत ती गोळी चालू राहील, मग डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतील. टीबी आणि हिपॅटायटिसच्या तपासण्या मात्र याच आठवड्यात करून घ्या. निगेटिव्ह आल्या तर पंधरा दिवसांत पहिला डोस होऊ शकतो. टीबीची पॉझिटिव्ह आली तर मध्ये महिना जाईल, आणि तो महिना तिला स्टेरॉइडवरच काढावा लागेल.